पहिली कयाक घेताय? रॉड नंतर, जॅकेट आधी!

बांधवांनो, मांडवी असो की शापोरा, खाडीत गरवायला कयाक सोयीची. पण ती होडी नव्हे, हे ध्यानात ठेवा.

🔹 नवख्याने वर बसायची, रुंद कयाक घ्यावी. वर आलेलं पाणी भोकांतून निघून जातं. कयाकवर लिहिलेल्या वजनाच्या दोन-तृतीयांशावर भार नको. त्यात तुमचं वजन, सामान, मासळी सगळं आलं.

🔹 जॅकेट अंगात घाला, पायाशी ठेवू नका. जॅकेटला शिटी, वल्ह्याला दोरी, हाताशी सुरी, मोबाईल वॉटरप्रूफ पिशवीत. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४.

🔹 नांगर बाजूला कधीच बांधू नका, ओढीत कयाक उलटते. पुढच्या किंवा मागच्या टोकालाच बांधा, तोही पटकन सुटेल असा.

🔹 मुखाजवळ सुकतीचं पाणी समुद्राकडे खेचतं. जाताना ओढीविरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर पाणीच परत आणेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: छातीभर पाण्यात, कोणीतरी सोबत असताना मुद्दाम उलटा आणि परत चढून बघा. आपल्याला पोहायला येतं, पण म्हणून कयाकवर चढता येतंच असं नाही. ते जमलं, की मग खुशाल रॉड होल्डर बसवा.