पटावरचा निकाल आणि दप्तरातला निकाल

बुद्धिबळाच्या पटावर कुळ, पदर वा पैसा चालत नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो. पटापुरते ते खरेही आहे. पटाबाहेर काय चालते, याचा दाखला मीर सुलतान खान यांच्या चरित्रात सापडतो.

पंजाबातील जमीनदार सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेले हे खेळाडू १९२९ साली धन्याबरोबर इंग्लंडास गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांची गाठ माजी जगज्जेते कापाब्लांका यांच्याशी पडली. पांढरी मोहरी सुलतान खान यांच्याकडे होती. पहिल्या चालीत घोडा काढून दुसऱ्या चालीत त्यांनी वजिरापुढचे प्यादे दोन घरे सारले. एकविसाव्या चालीपासून कापाब्लांकांचे हत्ती पांढऱ्या गोटात घुसले, तेव्हा त्यांनी शांतपणे आपला वजीर देऊन ते दोन्ही हत्ती टिपले. पुढे सुमारे चाळीस चाली काळ्या वजिराची धडपड चालली. परंतु पांढऱ्या हत्तींच्या जोडीपुढे ती व्यर्थ ठरली. पासष्टाव्या चालीस कापाब्लांकांनी डाव सोडला.

१९३२ व १९३३ सालीही ब्रिटिश अजिंक्यपद त्यांचेच होते. पुढे धनी स्वदेशी परतले आणि त्यांच्यामागोमाग सुलतान खानही. खेळ ओसरला होता म्हणावे, तर १९३५ साली आपल्याकडील नामांकित खेळाडू व्ही. के. खाडिलकर यांच्याशी झालेल्या दहा डावांपैकी नऊ त्यांनी जिंकले, एक बरोबरीत सुटला. ओसरली होती ती संधी.

जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९५० साली ग्रँडमास्टर पदव्या दिल्या, तेव्हा कित्येक वर्षे स्पर्धांपासून दूर असलेल्या रुबिनस्टाइन यांचा उचित गौरव झाला. त्याच रुबिनस्टाइनना १९३१ च्या प्राग ऑलिंपियाडमध्ये हरविणारे सुलतान खान मात्र यादीत नव्हते. १९६६ साली ते निवर्तले. सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी २०२४ साली जाहीर झाली.

झाले ते योग्यच झाले. पण ज्याचा मान त्यालाच तो पाहता आला नाही, हे शल्य राहतेच. आज गावोगावी कोणाच्या ना कोणाच्या आश्रयावर मुले खेळत आहेत. आश्रयदाता हटला की खेळ संपावा, ही स्थिती पालटणे संघटनांचे व शासनाचे कर्तव्य आहे. आणि हयात असलेल्या जुन्या खेळाडूंच्या डावांच्या नोंदी त्यांनी आजच तपासाव्यात, एवढेच आमचे सांगणे आहे.