गळकें धुराडें

घर किती जुनें आहे हें पाहावयाचें असल्यास दर्शनी दरवाजा पाहूं नये. स्वयंपाकघरांत जाऊन वरच्या तुळयांकडे पाहावें. आपल्या बीड जिल्ह्यांतील जुन्या माळवदी घरांत ह्या तुळया इतक्या काळ्या झालेल्या असतात, कीं सागवान कोणतें व बाभूळ कोणती हें सुतारासही खरवडल्यावांचून सांगतां येत नाहीं. हा रंग कोणीं दिलेला नव्हे. तीन-चार पिढ्यांच्या चुलींचा धूर तेथें बसला आहे. आणि जो धूर लाकडावर बसला, तोच चुलीपुढें बसणाऱ्या आयाबहिणींच्या डोळ्यांत व फुप्फुसांत गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें घरांतील अशा दूषित हवेनें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं.

पूर्वीं माळवदास मध्यभागीं एक भोंक ठेवीत. त्यास कोणी सवणें म्हणतात, कोणी झरोका. त्यांतून उजेड येई व धूर जाई. पावसाळ्यांत त्यावर पत्रा झांकीत, म्हणजे पाण्याबरोबर धुराचीही वाट बंद होई. चुलीच्या धुरास स्वतंत्र नळी करून द्यावी हा विचार खेड्यापाड्यांत फार उशिरां आला. वर्ध्याच्या मगनवाडींत, जेथें कुमाराप्पांच्या देखरेखीखालीं ग्रामोद्योगांचें काम चाले, तेथें १९४७ च्या सुमारास धुराड्याची ‘मगन चूल’ तयार झाली. हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधनशाळेंत डॉ. एस. पी. राजू ह्यांनीं मातीचीच बिनधुराची चूल सिद्ध केली. तिजवरील त्यांचें इंग्रजी पुस्तक मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीनें १९५३ सालीं छापिलें. बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांतच होता. तेव्हां ही चूल आपल्याच राजधानींत निघाली असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें १९८३ सालीं केंद्र सरकारनें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो २००२ पर्यंत चालला व लक्षावधि घरांत धुराडीं बसलीं. आतां गॅसची शेगडी घरोघर पोहोंचली आहे. तथापि भाकरीस, स्नानाच्या पाण्यास, जनावरांच्या आंबोणास अद्यापि चूल पेटतेच.

मग प्रश्न असा, कीं धुराडें असूनही पुष्कळ घरांत धूर कां कोंडतो? धुराडें बसविणें हें काम एका दिवसाचें असतें. तें नीट राखणें हें प्रतिवर्षाचें. ह्याचा पुरावा ओडिशांत मिळाला. तेथें ग्राम विकास नांवाच्या संस्थेनें धुराड्याच्या चुली दिल्या, आणि एस्थर डफ्लो (ह्यांस २०१९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें), मायकेल ग्रीनस्टोन व रेमा हन्ना ह्या तिघांनीं अडीच हजारांहून अधिक कुटुंबांवर चार वर्षें नजर ठेविली. पहिल्या वर्षीं स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासांत जाणारा धूर खरोखरच कमी झाला. पुढील वर्षांत तो फरक नाहींसा झाला. चुली मोडल्या, नळ्या तुंबल्या, आणि त्या वेळेवर कोणीं दुरुस्त केल्या नाहींत. त्या बायांस दोष देणें सोपें आहे. परंतु धुराडें काम कसें करितें हेंच जर कोणीं समजावून दिलें नसेल, तर त्यांनीं दुरुस्ती कशाची करावी?

पुष्कळांची समजूत अशी असते, कीं धूर आपोआप वर जातो व धुराडें ही केवळ त्याची वाट आहे. वस्तुतः धुराडें धूर ओढून घेतें. समुद्रसपाटीवर ३० अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १,१६५ ग्रॅम भरतें. तीच हवा १५० अंशांपर्यंत तापली म्हणजे तितक्याच जागेंत अवघी ८३५ ग्रॅम मावते. (बीड उंचावर असल्यामुळें आपल्याकडे हे दोनही आंकडे थोडे कमी धरावे.) आंतील हवा हलकी, बाहेरील जड, म्हणून बाहेरील हवा चुलीच्या तोंडांतून आंत घुसते व हलक्या हवेस वर लोटते. आतां हा जोर किती? अडीच मीटर उंचीचें धुराडें घेतलें, तर एका चौरस मीटरवर सुमारें ८०० ग्रॅम. वातावरणाचा दाब त्याच चौरस मीटरवर सुमारें १०,००० किलो असतो! म्हणजे ज्या ओढीवर सगळी मदार आहे ती इतकी नाजुक आहे, कीं फुंकर तिजपुढें बलवान् ठरावी.

अशा नाजुक ओढीस बोटभर रुंदीची एक भेग पुरी पडते. समजा, नळीच्या खालच्या सांध्यास भेग आहे. तींतून बाहेरची थंड हवा आंत शिरते. ती धुराइतकीच भरली, तर १५० अंशांचा धूर ९० अंशांवर येतो. ओढ जवळजवळ निम्म्यावर येते, आणि नळीस मात्र पूर्वीच्या दुप्पट हवा वाहून न्यावी लागते. वाटेंतच जागा भरल्यावर चुलींतील धुरानें जावें कोठें? तो चुलीच्या तोंडांतून उलटा येतो, आणि घरांतील माणसें लांकडें ओलीं म्हणून लांकडांस नांवें ठेवितात.

ही गोष्ट केवळ आपल्या चुलीपुरती नाहीं. थंड मुलुखांत, विशेषतः अमेरिकेंत, घरें उबविण्यासाठीं भट्टीवरील गरम हवा पत्र्याच्या नळ्यांनीं खोल्याखोल्यांत खेळवितात. जुन्या घरांत ह्या नळ्यांचे सांधे सुटतात, आणि पांचांतील एक भाग, केव्हां त्याहूनही अधिक हवा माळ्यावर किंवा जमिनीखालीं वायां जाते. सांधे बंद करण्यास तेथें कापडी चिकटपट्टी वापरीत. तिचें नांवच मुळीं ‘डक्ट टेप’, म्हणजे हवेच्या नळीची पट्टी. १९९८ सालीं लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं निरनिराळ्या पट्ट्या व लेप आळीपाळीनें तापवून व थंड करून पाहिले. त्यांत ह्या कापडी पट्टीचीच सर्वांहून अधिक फजिती झाली. घट्ट लेप मात्र टिकला. नांव नळीचें आणि काम दुसरेंच, असा हा मजेदार प्रकार आहे. आपल्याकडेही धुराड्यास चिंधी गुंडाळून वर चिखल थापणारे आहेत. चिंधी पहिल्या आठवड्यांत जळते व चिखल पोकळ राहतो.

दुरुस्तीपूर्वीं दोष कोठें आहे हें शोधिलें पाहिजे, आणि तें काम विद्यार्थ्यांस सहज करितां येण्यासारखें आहे. घरांतील वडील मंडळी जवळ असतां चूल चांगली पेटूं द्यावी, व एक पेटलेली उदबत्ती नळीच्या प्रत्येक सांध्याभोंवतीं सावकाश फिरवावी. एके ठिकाणीं उदबत्तीचा धूर आडवा होऊन आंत ओढला गेला, तर तेथें भेग आहे. उलट तो बाहेर लोटला गेला, किंवा सांध्याभोंवतीं भिंत काळी पडलेली असली, तर मात्र थांबावें. तेथें भेग आहेच. परंतु तिच्या वर कोठें तरी नळी तुंबलेली आहे. अशी भेग तशीच लिंपली तर जो धूर भेगेंतून बाहेर पडत होता तो स्वयंपाक करणारीच्या तोंडावर येईल. आधीं नळी साफ, मग लेप. हा क्रम चुकूं देऊं नये.

तुंबण्याचें कारण बहुधा काजळी असतें. पण आपल्या जिल्ह्यांत आणखी एक कारण आहे. दिवाळीच्या सुमारास सहस्रावधि कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, आणि कारखान्यांचा हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यांत परत येतात. तितके महिने घरास कुलूप असतें. चूल थंड, नळी कोरडी. चिमण्या काड्या भरतात, गांधीलमाशा मातीचीं घरटीं बांधितात, उंदीर सांध्याची माती उकरतात. अशा घरांत परत आल्या दिवशीं एकदम मोठा जाळ करणें धोक्याचें आहे. नळी बंद असली तर धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु खोलींत भरतो. त्यास रंग नाहीं व वासही नाहीं. म्हणून प्रथम वरून टोपी काढून, काठीस गोणपाटाचा बोळा बांधून नळी दोन-तीन वेळां झाडावी, आणि पहिल्या दिवशीं दारें-खिडक्या उघड्या ठेवून थोडाच जाळ करावा. १९८३ नंतर बसविलेल्या धुराड्यांपैकीं पुष्कळांच्या नळ्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या आहेत. त्या कापूं नयेत, कानशीनें घासूं नयेत, कोरड्या खरवडूं नयेत. त्यांची धूळ श्वासांत गेल्यास पुढें कर्करोग होऊं शकतो. तशी नळी तडकली असल्यास ओली करून हलक्या हातानें उतरवावी व दुसरी बसवावी.

आतां लेपाविषयीं. येथें माझीच एक फजिती सांगतों. पाटोदा तालुक्यांत माझें आजोळ आहे. तेथील धुराड्याच्या बुडाशीं दरवर्षीं भेग पडे. मामी ती शेतांतल्या काळ्या मातीनें लिंपीत, आणि महिन्याभरांत ती पुन्हा उघडे. मीं शहाणपणानें बाजारांतून सिमेंट आणिलें व भेग भरून टाकिली. मामी म्हणाल्या, “बाळा, मातीला दगड चिकटत नसतो.” आठ दिवसांत सिमेंटचा तुकडा जसाच्या तसा हातांत आला, भेग पूर्वीपेक्षां मोठी झाली होती.

मामींची माती आणि माझें सिमेंट हीं दोनही कां फसलीं? आपली काळी माती पाणी पिऊन फुगते व वाळतांना आकसते. चैत्रांत शेतास ज्या भेगा पडतात त्याच भेगा चुलीवर लहान प्रमाणांत पडतात. सिमेंट आकसत नाहीं, पण तें मातीबरोबर हलतही नाहीं. चूल तापून माती सरकली कीं सांधा सुटतो. म्हणून लेप मातीचाच हवा, परंतु आकसणारा नको. गांवठाणांतील पांढरी माती, जी माळवदावर घालितात, ती ह्या कामास चांगली. ती एक भाग, बारीक चाळलेली वाळू दोन भाग, व थोडी चाळलेली राख, असें मिश्रण भिजवून पांच-सात दिवस ठेवावें व रोज तुडवावें. नळीच्या वरच्या, कमी तापणाऱ्या भागासाठीं त्यांत तूस व शेण मिसळावें, म्हणजे तंतूंनीं माती धरून राहते. विस्तवाजवळच्या लेपांत मात्र तूस घालूं नये. तें जळून जागोजाग पोकळी राहते.

भेग वरवर लिंपणें व्यर्थ आहे. सुटी माती व काजळी खरवडून भेग चांगली बोटभर खोल करावी, व ती तोंडापेक्षां आंत किंचित् रुंद ठेवावी, म्हणजे लेप खुंटीसारखा अडकून बसतो. मग आंत पाणी शिंपडावें. कोरडी कड ओल्या लेपांतील पाणी शोषून घेते व तेथेंच नवी भेग पडते. बहुतेक दुरुस्त्या बिघडतात त्या ह्या एका चुकीनें. लेप दोन थरांत दाबावा, पहिला थर अर्धवट वाळल्यावर दुसरा द्यावा, आणि ओलें गोणपाट झांकून सावकाश वाळूं द्यावा. चार दिवस चूल बाहेर मांडावी लागते, ही अडचण खरी. म्हणून हें काम उन्हाळ्यांत, मृगापूर्वीं उरकावें.

नळी माळवदांतून जेथें बाहेर पडते ती जागा सर्वांत नाजुक. तेथें आंतून उष्णता व बाहेरून पाऊस. नळी तुळईस किंवा पाटास लागून कधींही नसावी. सभोंवार वीतभर अंतर मातीनें व विटांनीं भरलेलें असावें, नाहीं तर लाकूड वर्षानुवर्षें भाजून एके दिवशीं पेट घेतें. माळवदाच्या वर नळीभोंवतीं वीतभर उंच चुन्याचा उतरता कट्टा करावा, म्हणजे पाणी नळीपासून दूर वाहतें. नळीचें तोंड माळवदापासून दोन हात तरी वर असावें, आणि टोपी व तोंड ह्यांमध्यें नळीच्या रुंदीइतकी मोकळी जागा ठेवावी. टोपी घट्ट बसविणें म्हणजे धुराड्याचा गळा दाबणें होय.

गेल्या वैशाखांत आम्हीं आजोळचें धुराडें वर सांगितल्याप्रमाणें केलें. नळींतून दोन टोपल्या काजळी व चिमण्यांचें एक जुनें घरटें निघालें. लेप मामींनींच दिला, मीं वाळू चाळली. शेवटीं त्यांनीं चुलीमागच्या भिंतीस चुन्याचा एक हात दिला, कारण धूर कोठून येतो तें पांढऱ्या भिंतीवर लगेच दिसतें. दिवाळींत गेलों तेव्हां भिंत थोडी पिवळसर झाली होती, पण काळी झाली नव्हती. आणि मामी भाकरी थापीत असतां पदरानें डोळे पुसत नव्हत्या.