इंजिन गर्जते, पण नौका सरकत नाही

जुन्या ‘सी-डू’ वॉटर स्कूटरचे इंजिन गर्जते, पण वेग येत नाही, तेव्हा पुष्कळांचा रोष इंजिनावरच होतो. वस्तुतः अपराधी बहुधा मागील पंप असतो. त्यातील इंपेलर, म्हणजे पात्यांचे चक्र, पाणी जोराने मागे फेकते. चक्राभोवतीचे प्लॅस्टिकचे कडे वाळूने झिजले की पाणी फटीतून उलट फिरते, पात्यांशी वाफेचे बुडबुडे उठतात आणि जोर फुकट जातो. नौका किनाऱ्यावर घेऊन, सुरक्षादोरी काढून, फट फीलर गेजने मोजावी. ती एक मिलिमीटरच्या घरात गेली असल्यास कडे बदलावे. पात्यांच्या कडाही पाहाव्यात. आळस करू नये. या जुन्या नौकेस सुकाणूचे पाते नाही. झोत मंदावला की ती लाटांत वळतही नाही.