स्टिअरिंग अचानक हलकं झालंय? आधी हवा बघा, मग मोटर

आजचा भाग एका श्रोत्यांच्या प्रश्नावर आहे. त्यांच्याकडे पंधरा वर्षांची छोटी गाडी आहे, डिकीत सीएनजीची टाकी. ते म्हणतात, गेल्या दोन महिन्यांत स्टिअरिंग फारच हलकं झालंय, ताशी ऐंशीच्या वर तर हाताला काही जाणवतच नाही. गॅरेजवाला म्हणतो, हलकं आहे तर चांगलंच की! आणि त्यांना गणपतीला गाडी घेऊन घाट उतरायचाय.

माझं उत्तर आधीच सांगतो: तपासल्याशिवाय उतरू नका. पार्किंगमध्ये स्टिअरिंग हलकं असणं ही सोय आहे. पण जे स्टिअरिंग कालपर्यंत वेगात भरीव वाटत होतं ते आज पोकळ वाटतंय, तर पुढची चाकं आणि रस्ता यांच्यात काहीतरी बदललंय.

आता स्टिअरिंगला हे वजन येतं कुठून? एक, टायरच्या पकडीतून. वळताना टायर रस्त्याला चिकटून थोडा पिळला जातो, आणि तो सरळ व्हायला बघतो. तो जोर आपल्या हाताला लागतो. दोन, कॅस्टरमधून. हॉस्पिटलच्या ट्रॉलीचं चाक बघा, ट्रॉली ढकलली की ते आपोआप मागे वळून सरळ धावायला लागतं. गाडीच्या पुढच्या चाकांची बैठकही थोडी तशीच, मागे कललेली असते. म्हणून वळण संपल्यावर हात सैल सोडला की स्टिअरिंग स्वतःहून मध्ये येतं.

तपासणीच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. स्टिअरिंग हलकं आहे की सैल? हलकं म्हणजे जोर कमी लागतो, पण फिरवलं की चाक लगेच वळतं. सैल म्हणजे आधी थोडं नुसतंच फिरतं, चाक मागाहून हलतं. इंजिन बंद, चाकं सरळ, आणि स्टिअरिंग दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवा. कडेवर मोजून तीसेक मिलिमीटरपेक्षा जास्त मोकळं फिरत असेल, तर टाय रॉड, रॅक किंवा स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा झिजलेला किंवा सुटत आलेला असू शकतो. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मिस्त्रींना घरी बोलवा.

सैल नाही, नुसतं हलकं आहे? मग फुकटातल्या गोष्टींपासून सुरुवात करा.

पहिली गोष्ट, हवा. पंपावरचा पोरगा विचारतो "किती भरू?" आणि आपण म्हणतो "भर पस्तीस-चाळीस". छोट्या गाडीला एवढी लागत नाही. टायर फुगून मधल्या पट्ट्यावर उभा राहतो, रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो आणि स्टिअरिंग हलकं होतं. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. सकाळी टायर थंड असताना मोजा.

दुसरी, टायर. खाचांची खोली १.६ मिमीवर आली की टायर संपला. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की समजा. वयही बघा: टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. खाचा शिल्लक असल्या तरी जुनं रबर कडक होतं, पकडत नाही.

तिसरी, मागचं ओझं. सीएनजीची लोखंडी टाकी रिकामीच पन्नास-साठ किलोच्या घरात जाते. त्यात मागच्या स्प्रिंगा दमलेल्या, वर चार बॅगा. गाडीचं नाक वर येतं, पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो. सपाट जागेवर गाडी बाजूने बघा, मागून बसलेली दिसते का?

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर गॅरेज. तिथे "स्टिअरिंग बघा" एवढंच म्हणू नका. कधीपासून, किती वेगाला, वळणानंतर स्टिअरिंग परत येतं की नाही, हे सांगा. परत येत नसेल तर अलाइनमेंट करून कागद मागा आणि त्यावर दोन्ही बाजूंचा कॅस्टर बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत कॅस्टर फिरवून जुळवता येत नाही. तो बिघडला म्हणजे काहीतरी वाकलंय किंवा बुश गेलेत. जुन्या मारुती ८०० मध्ये स्टॅबिलायझर बारच खालच्या आर्मला मागे-पुढे सरकण्यापासून धरून ठेवतो. त्याचे रबर बुश झिजले की चाक जागा सोडतं.

आणि मोटर? १९८३ साली आलेल्या पहिल्या ८०० ला पॉवर स्टिअरिंग नव्हतंच, तशा गाडीत मोटरवर संशयच नको. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असेल तर एवढं लक्षात ठेवा: मोटर बंद पडली की स्टिअरिंग जड होतं, हलकं नाही. पण ही यंत्रणा गाडीचा वेग बघून मदत कमी-जास्त करते. वेगाची खबर पोचली नाही, तर काही गाड्यांत मोटर वेगातही भरपूर मदत देत राहते. स्पीडोमीटरचा काटा अधूनमधून मेल्यासारखा पडतो का? ईपीएसचा दिवा लागतो का? तसं असेल तर स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा. कोड न वाचता मोटर बदलायला निघालेल्या माणसाला थांबवा.

शेवटी पावसाचं. भर पावसात स्टिअरिंग एकाएकी हलकं झालं, तर टायर पाण्याच्या थरावर तरंगतोय. ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग झटक्याने वळवू नका. सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढा, वेग उतरू द्या. हाताला पुन्हा वजन जाणवलं म्हणजे टायर रस्त्याला टेकला. झिजलेला किंवा कमी हवेचा टायर हे लवकर करतो, त्यामुळे हवा जास्त नको तशी कमीही नको.

तुमच्या गाडीत काय सापडलं ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.