जुनी लेन्स, नवी लेन्स

जुनी लेन्स मोडीत काढून नवी घ्यावी का, असं मला अनेकजण विचारतात. मंडळी, आधी एक जुनी गोष्ट ऐका.

जर्मनीतल्या झाईस कंपनीत पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये 'प्लॅनार' ही सहा भिंगांची लेन्स तयार केली. रचना उत्तम, पण हवेला लागणारे काचेचे पृष्ठभाग आठ. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. म्हणजे पाव हिस्सा प्रकाश वाटेतच अडला! त्यातला काही आतल्या आत आदळून चित्रावर पसरतो आणि काळा रंग राखाडी दिसू लागतो. म्हणूनच १९०२ ची चार भिंगांची 'टेसार' अधिक चालली.

१९३५ मध्ये झाईसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिपातळ थर देण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना निष्प्रभ करतात. महायुद्धानंतर प्लॅनारची तीच रचना पुन्हा चलतीत आली. आजच्या अनेक थरांमुळे तर परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं.

तेव्हा नव्या लेन्सचा मोठा फायदा दिसतो तो उजेड समोरून येताना. सूर्य पाठीशी ठेवा, हूड लावा, छिद्र एफ ८ पर्यंत लहान करा. चांगली जुनी लेन्सही, निदान चित्राच्या मध्यभागी, नवीच्या जवळ जाते. तिचा खरा शत्रू वय नव्हे, आपल्या पावसाळ्यातली बुरशी. ती काचेवरचा थरच खराब करते. म्हणून विजेरीच्या उजेडात लेन्स आरपार पाहा आणि मगच ठरवा.