निवृत्तीनंतर संग्रहालयात : आपण काय देऊ शकतो?

निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने छान जातात. राहिलेल्या सहली होतात, कपाटं आवरून होतात. मग एके सकाळी लक्षात येतं, की आपण तोच पेपर दुसऱ्यांदा वाचतोय. त्याच सुमाराला आम्ही पाचसहा जण एका छोट्या संग्रहालयात विनावेतन काम करायला जाऊ लागलो. कुणी बँकेतले, कुणी शाळेतले, एक जण एसटीतले. तिथे काय शिकलो ते आज सांगतो.

आमचा पहिला गैरसमज असा, की काचेच्या कपाटात दिसतं तेवढंच संग्रहालय. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचंच घ्या. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वजऱ्या, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांचं संग्रहालय केलं. तिथे २०,०००हून अधिक वस्तू आहेत. एका वेळी मांडलेल्या असतात त्यातल्या थोड्याच. बाकीच्या कोठारात. सगळीकडे हेच असतं, आणि खरं काम त्या कोठारात असतं.

प्रत्येक वस्तूला नोंदणी क्रमांक असतो. त्याखाली ती कशाची आहे, किती लांब-रुंद, कुठून आली, कुणी दिली, आज कुठल्या फळीवर आहे, हे सगळं लिहायचं. पुण्याच्या सी-डॅकने यासाठी ‘जतन’ नावाची संगणकप्रणाली केली आहे. पण संगणकात भरायची माहिती आधी माणसाने गोळा करावी लागते, आणि तिथेच निवृत्त माणसाचा उपयोग होतो.

एक उदाहरण देतो. आमच्या कोठारात एका पितळी भांड्यावर ‘फुलदाणी’ अशी चिठ्ठी होती. आमच्यातल्या एक बाई बघताक्षणी म्हणाल्या, “अहो, ही अधोली! आमची आजी हिनेच भात मोजायची.” मग हिशेब निघाला : दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. १९५६च्या कायद्यानंतर किलो-लिटर आले आणि ही मापं हळूहळू माळ्यावर गेली. ती वापरात पाहिलेली शेवटची पिढी म्हणजे आपण. आपण सांगितलं नाही, तर ती अधोली कायमची फुलदाणीच राहील.

उत्साहाच्या भरात आम्ही ते भांडं चिंच लावून लख्ख घासायला निघालो होतो. तिथल्या ताईंनी हात धरला. चिंचेच्या आम्लाने वरचा थर जातो, आणि अशा मापावर एखादा पुसट छाप किंवा अक्षरं असली तर तीही झिजतात. घरी जी स्वच्छता, ती इथे पुरावा नष्ट करणं ठरते. त्या दिवसापासून आमचा नियम झाला : विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

बाकीचे नियमही सोपे आहेत. वस्तूजवळ शाईचं पेन नाही, फक्त पेन्सिल. कापड आणि कागदावर उजेड ५० लक्सच्या आसपासच, कारण उडालेला रंग परत येत नाही. भांडं उचलायचं ते कानाला किंवा कडीला धरून नाही, खालून दोन्ही हातांनी.

आता आठवणींबद्दल. आठवण हा पुरावा आहे, पण ती चुकूही शकते. अधोलीत किती धान्य मावतं यावरून आमच्यात वाद झाला. कोकणातले एक सांगत होते, खानदेशातले दुसरंच. दोघंही बरोबर असू शकतात, कारण मापं गावोगाव बदलत. म्हणून ‘अधोलीत इतकं धान्य मावतं’ असं लिहायचं नाही. ‘अमक्या गावच्या अमक्यांनी अमुक तारखेला असं सांगितलं’ असं लिहायचं. निर्णय पुढचा अभ्यासक करील.

आणखी एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात, आणि तो रास्त आहे : फुकट काम करून तुम्ही तरुणांच्या नोकऱ्या खाता का? आमचं उत्तर असं. पहारा, साफसफाई, वस्तूंची दुरुस्ती ही पगारी माणसांची कामं आहेत, ती आपण घ्यायची नाहीत. रिकामी जागा भरण्याऐवजी कुणी तुम्हाला बसवत असेल, तर नम्रपणे नाही म्हणा. आपण द्यायचं ते जास्तीचं : शाळेच्या मुलांना वस्तू समजावणं, मोडी येत असेल तर जुने कागद वाचून देणं, नोंदी ताडून पाहणं.

सुरुवात कशी करायची? जवळच्या संग्रहालयात जा, आठवड्याचा एकच दिवस सांगा, पण तो पाळा. रोज येतो म्हणून महिन्याने गायब होणाऱ्यांचा तिथे उपयोग नसतो. पहिले काही आठवडे कदाचित नुसत्या चिठ्ठ्या लिहाव्या लागतील. त्या लिहा. त्यातलीच एखादी ‘फुलदाणी’ तुमची वाट पाहत असेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.