विजेची गाडी : आधी माप विचारा, मग भाव

बोईसरच्या बाजारात दोन व्यापारी भेटले की पूर्वी सुताचा भाव निघत असे. हल्ली विजेच्या मोटारीचा विषय निघतो. आमच्या दुकानाची डिझेल गाडी आता बदलावी लागणार आहे. घर दांडीला, दुकान बोईसरला, गिऱ्हाईक तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि माल भिवंडी व सुरतेचा. शेवटी दोन गाड्या निवडीत राहिल्या : टाटांची कर्व्ह आणि एमजीची विंडसर. धड जीप नव्हे, धड सलून नव्हे, अशा या मधल्या जातीला क्रॉसओव्हर म्हणतात. पहिली ऑगस्ट २०२४ मध्ये आली, दुसरी महिनाभराने सप्टेंबरात.

थान वारात मोजले की मीटरात, हे विचारल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही. येथेही तेच करावे. कर्व्हची मोठी, ५५ युनिटांची बॅटरी एका चार्जिंगमध्ये ५८५ किलोमीटर जाते असे सुरुवातीस सांगितले गेले. परंतु सरकारमान्य चाचणीचे दोन भाग असतात, एक शहरी चालीचा व दुसरा जलद चालीचा. ५८५ हा फक्त पहिल्या भागाचा आकडा. दोन्ही भाग मिळून तो ५०२ वर येतो, आणि रोजच्या वापरात ४०० ते ४२५ मिळतील असे खुद्द कंपनीचेच म्हणणे आहे. एकच गाडी, तीन आकडे आणि तिन्ही खरे! विंडसरची मूळ बॅटरी ३८ युनिटांची, कागदावर ३३२ किलोमीटर. आम्ही रस्त्यावर अडीचशेच धरतो.

आता आपला रस्ता. दांडी ते बोईसर आणि वसाहतीतल्या फेऱ्या यांना कोणतीही गाडी पुरते. चिल्हार फाट्याला महामार्ग धरून भिवंडीला जाऊन येणे पावणेदोनशेच्या आसपास पडते. तेही विंडसरला जमते. अडते सुरतेला. जाऊन येऊन पावणेचारशे किलोमीटर, म्हणजे मोठ्या बॅटरीची कर्व्ह कशीबशी पुरेल आणि विंडसरला वाटेत थांबावे लागेल. थांबणे म्हणजे पाऊण-एक तास, तोही चार्जर चालू व मोकळा असला तर.

भावाकडे वळू. बाजारात आली तेव्हा कर्व्ह १७ लाख ४९ हजारांपासून २१ लाख ९९ हजारांपर्यंत होती. विंडसर बॅटरीसह १३ लाख ५० हजारांपासून, आणि बॅटरी भाड्याने घेतल्यास ९ लाख ९९ हजारांपासून, वर किलोमीटरमागे साडेतीन रुपये. (हे शोरूमचे आरंभीचे भाव. आजचे विचारून घ्यावेत.) या ९ लाख ९९ हजारांनी पुष्कळांचे डोळे दिपले. व्यापाऱ्याने मात्र कागद-पेन्सिल घ्यावी. फरक ३ लाख ५१ हजारांचा. त्यास साडेतीनने भागले तर एक लाख किलोमीटर येतात. आमची धाव महिन्याला दोन हजार. म्हणजे चार वर्षे आणि दोन-तीन महिन्यांत बॅटरीची किंमत भाड्यातूनच फिटते. पुढे काय, ते करारनाम्यातच पाहावे.

शिवाय वीज दहा रुपये युनिट आणि एका युनिटात साडेसहा किलोमीटर धरले, तर किलोमीटरला दीड रुपया पडतो. त्यात भाडे मिळवा, पाच रुपये झाले. डिझेल नव्वद रुपये आणि पंधराचे ॲव्हरेज धरले तर सहा. मग बचत कोठे राहिली? उलट बाजूही आहे. साडेतीन लाखांची रोकड ज्याच्या धंद्यात वर्षातून तीनदा फिरते, त्याला भाडे परवडेलही. पण काही वित्त कंपन्यांच्या करारात महिन्याला किमान १५०० किलोमीटरचे भाडे भरण्याची अट होती. गाडी दारात उभी राहिली तरी ५२५० रुपये गेलेच. आणि ही रक्कम भाडे म्हणून घेतात की कर्जाचा हप्ता म्हणून, हे सही करण्याआधी विचारावे. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या वाचकांनी तर विचारलेच पाहिजे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. विंडसरची डिकी ६०४ लिटरची, कर्व्हची ५००. शिवाय कर्व्हचे छप्पर मागे उतरते असल्याने थानांवर थान रचताना अडचण होते. विंडसरचे मागचे आसन ऐसपैस, वडीलधाऱ्यांना उतरणे-चढणे सोपे. कर्व्हचे म्हणाल तर ती ४५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असे कंपनी सांगते, आणि भारत एनकॅपच्या अपघात चाचणीत तिला पाच तारे आहेत. आमच्या धाकट्या चिरंजीवांचा सारा ओढा तिकडेच.

आमचा कौल मात्र विंडसरला, तोही बॅटरी विकत घेऊन. सुरतेला महिन्यातून एकदा जावे लागते, त्यासाठी रेल्वे आहे. मोठ्या कर्व्हवर जे जास्तीचे पैसे घालायचे, तेवढ्याचा माल दिवाळी-ईदच्या हंगामात हाताशी असलेला बरा. जो महिन्यातून चार वेळा सुरत किंवा वापी करतो, त्याने आमचे ऐकू नये. त्याला कर्व्हच हवी.

बयाणा देण्यापूर्वी एक काम उरले आहे. अणुवीज केंद्र हाकेच्या अंतरावर असले तरी पावसाळ्यात वारा सुटला की आमच्या किनाऱ्यावर वीज जाते. म्हणून महावितरणकडे भार वाढवून मागायचा आणि चार्जर घरी नव्हे, दुकानाच्या मागे बसवायचा, असे ठरते आहे. खाऱ्या हवेत तो किती टिकेल, हे बसवणाऱ्याकडून लिहून घेणार आहोत.